तळ्यातलं जनावर

बुडालेल्या मुलाच्या आईचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते, पण म्हाताऱ्या मास्तरांच्या हातून उत्तर गेलं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं होतं : 'होडी तळ्यातल्या राक्षसानं उलटवली असं सगळे म्हणतात. तुम्ही माझ्या मुलाला प्राणिशास्त्र शिकवलंत. असं जनावर असतं का? तुम्ही सांगाल ते मी मानीन.'

आज खोली झाडताना ते भावजयीच्या हाती लागलं. तिनं ते अंगणात नवऱ्याला नेऊन दिलं. तळ्यावरच्या होड्या त्याच्या. एका नव्या होडीच्या टोकावर तो राक्षसाचा जबडा रंगवत होता.

मास्तर खाली आले तसं धाकट्या भावानं पत्र पुढे केलं. शास्त्राला सगळंच कळतं असं नाही, एवढं लिहून मोकळा हो, असं त्यानं सुचवलं.

मास्तर चाचरत म्हणाले की जनावर-बिनावर काही नाही. लोकांना दिसतात ती ओळीनं पोहणारी पाणमांजरं, नाहीतर कुजून वर आलेले ओंडके.

"भाऊजी, ओंडका बघायला कोणी तिकीट काढतं का?" भावजय म्हणाली. "तुमची वरची खोली त्या राक्षसानंच बांधलीय."

मास्तरांनी मान खाली घातली. ते परत जिन्याकडे वळतील असं दोघांना वाटलं.

"बुडालेल्या होडीची फळी चिरलेली होती," ते हळूच म्हणाले. "तू नुसतं डांबर फासलंस. मी ओट्यावर बसून बघत होतो."

भावाचा कुंचला थांबला.

"दादा, फळी म्हटली की चौकशी येते. राक्षसाची चौकशी कोणी करत नाही. त्या बाईलाही तोच बरा." त्यानं कुंचला पुन्हा रंगात बुडवला. "पत्र टाकलंस तर या घराची पायरी चढू नकोस."

मास्तर वर गेले. पहिले दोन कागद त्यांनी फाडले. तिसऱ्यावर लिहिलं : 'असं जनावर नसतं. होडीची फळी चिरलेली होती. कोणी विचारायला आलं तर मी सांगेन.'

ते घरातल्या सपातांवरच बाहेर पडले. भावजय फाटकात उभी होती, ती बाजूला झाली.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. पाकीट आत पडायच्या आधीच मागे फाटकाला कडी लागली.