करडा थर

खंडेनवमीला कारखान्यातलं प्रत्येक यंत्र घासूनपुसून लखलखीत झालं. उरली होती फक्त संयोगिताची विजेची भट्टी. सहा महिन्यांमागं नवरा गेला आणि त्याच्या जागी ती भट्टीवर कामाला लागली. तेव्हापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. "पोरी, एकदा रडून मोकळी हो," म्हातारे फिटर ज्ञानूमामा रोज सांगायचे. ते सांगणं तिच्या कानाशीच थांबायचं. आज मामा पॉलिशपेपर घेऊन गार भट्टीत वाकले आणि करडी कॉइल घासायला लागले. तिनं हात धरला. "मामा, घासू नका. नवी कॉइल पहिल्यांदा रिकाम्या भट्टीत तापवली की ह्यो थर धरतोय. त्यो हाय म्हणून आतला धातू जळत न्हाय." "कुणी सांगितलं?" "ह्यांनी." मामांनी तिच्या कोरड्या डोळ्यांकडं बघत पेपरची घडी घातली. "न्हाय घासत, पोरी. आज बी न्हाय, उद्या बी न्हाय."