बारा सह्या

"सही करताय ना?" चारुशीलाबाईंनी पेन पुढं केलं आणि सिकंदरभाईंचा चष्मा स्वतःच शोधून त्यांच्या हातात दिला.

विश्रामबागेतल्या त्या गल्लीत तेरा प्लॉट, बारा बंगले. महापालिकेची नोटीस लागली होती. आजवर इथं बंगल्याखेरीज काही बांधता येत नव्हतं. आता शेजारशेजारचे दोन प्लॉट एकत्र केले तर पाच मजले चढवता येणार होते. हरकत असेल तर तीस दिवसांत कळवा. चारुशीलाबाईंनी चौथ्याच दिवशी अर्ज टाइप करून आणला. पाण्याचा दाब, गाड्यांची गर्दी, गच्चीवरच्या सांडग्यांवर पडणारी सावली, एकही मुद्दा सोडला नाही.

खरा मुद्दा अर्जात नव्हता. तो शेजारी राहत होता.

शेजारच्या राहीबाई मूळच्या तासगावकडच्या. त्यांचा विश्वजित सिव्हिल इंजिनियर, सांगलीतच कामं घ्यायचा. रोज साडेसातला तो फाटकापाशी दोनदा हॉर्न वाजवी, आणि राहीबाई "आलं बाई माझं लेकरू" म्हणत बाहेर येत. चाळिशीचं लेकरू! चारुशीलाबाई त्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

त्यांचा स्वतःचा शौनक पुण्यात आर्किटेक्ट. दिवाळीला दोन दिवस, गणपतीत दीड. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, सांगलीत येऊन स्वतःचं ऑफिस टाकतो. बाईंनी वरची खोली रंगवून घेतली, नातीसाठी पलंग आणला. मग ऑफिसच्या जागेचं जमलं नाही आणि सगळं बारगळलं. बाईंनी महिनाभर अंथरूण धरलं. नव्या पलंगावरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं.

आणि आता राहीबाईंना पाच मजले? लेक घरात, सून हाताशी, नातवंडं अंगाखांद्यावर, वर आणि इमारत! एकाच बाईला देवानं किती द्यावं, याला काही धरबंध? बाईंचा जळफळाट होत होता. तो जळफळाटच आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण अर्ज हातात असला की जरा बरं वाटायचं.

महापालिकेत खेटे घालून हे विश्वजितनंच आणलं, हे गल्लीला माहीत होतं. राहीबाईंच्या पलीकडं सिकंदरभाईंचा रिकामा प्लॉट. तो घशात घालायचा डाव आहे, हे मात्र चारुशीलाबाईंनीच सगळ्यांना समजावून सांगितलं.

"मला तर विश्वजितनं शब्दानं विचारलं नाही," सिकंदरभाई सही करता करता म्हणाले.

"विचारील शेवटी. पडेल भावात मागायचा असेल."

शौनकचा फोन रविवारी यायचा. हल्ली तो भलतंच विचारी. गुडघे कसे आहेत, लिफ्ट असली तर चालेल का, खोलीत ऊन सकाळचं आवडतं की संध्याकाळचं. पुण्यात मोठा फ्लॅट घेतोय, बाईंनी ओळखलं. म्हणजे आता कायमचाच तिकडचा झाला. त्यात एकदा म्हणाला, आई, यापुढं भडंग पाठवू नकोस. अकरा वर्षं त्या दर महिन्याला डबाभर भडंग पाठवत होत्या. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी तीन घरांच्या सह्या घेऊन आल्या, तेव्हा कुठं घास उतरला.

राहीबाई एकदाच आल्या, हातात खिरीची वाटी घेऊन. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"वैनी, तेवढा अर्ज मागं घ्या. लय चांगलं व्हणार हाय."

"कुणाचं?"

राहीबाईंनी वाटी पुढं केली. "मला बोलायची चोरी हाय. पण थोडं थांबा."

बाईंनी वाटी घेतली आणि दार लावलं. खीर देऊन तोंड बंद करायला निघाल्यात!

सुनावणीच्या आदल्या रात्री शौनकचा फोन आला. त्याला कुणीतरी अर्जाचं सांगितलं होतं.

"आई, गल्लीत इमारत झालेली तुला खरंच नको?"

"जीव गेला तरी नको."

तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

सुनावणीत कारकुनानं विचारलं, मालक की रहिवासी? घर मुलाच्या नावावर आहे, यजमान गेले तेव्हाच करून टाकलं, असं बाईंनी सांगितलं. त्यानं रहिवासी लिहून घेतलं. राहीबाईंचा प्लॉट सोडून बाराही प्लॉटच्या सह्या होत्या, सिकंदरभाईंच्या रिकाम्या प्लॉटचीसुद्धा. पंधरा दिवसांत नव्या नियमातून गल्ली वगळल्याचं पत्र आलं.

बाईंनी घरोघर पेढे वाटले. साडेसात वाजले, पण हॉर्न वाजला नाही. बेल वाजली. दारात विश्वजित, हातात कागदाची गुंडाळी.

"काकू, हे तुमच्याकडं असू द्या. आता मला उपयोग नाही." त्यानं पेढाही घेतला आणि गेला.

बाईंनी टेबलावर नकाशा पसरला. दोन प्लॉट एकत्र केलेले. त्यात सिकंदरभाईंचा नव्हता. एक राहीबाईंचा होता, दुसरा त्यांचा स्वतःचा. खाली मालक म्हणून शौनकची सही. तळमजल्यावर लिहिलं होतं, ऑफिस, शौनक आणि विश्वजित. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशेजारी, पूर्वेच्या खोलीत, शौनकच्याच अक्षरात पेन्सिलनं दोन शब्द होते: आईची खोली.

फोन वाजला. आज रविवार नव्हता.

"आई," शौनक म्हणाला, "भडंग पाठवत जा गं पुन्हा."