कराची–मुंबई, विमानाने

“आई, मुंबईहून कुमुद आली बघ,” असं म्हणत विश्रामने बहिणीऐवजी आपल्या लेकीला, रेवतीला, खाटेपाशी बसवलं. आजीला आता दिसत नव्हतं आणि रेवतीचा आवाज हुबेहूब आत्याचा होता. कुमुदच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय जायचं नाही, म्हणून म्हातारीने यमालाही दाराशी ताटकळत ठेवलं होतं.

खऱ्या कुमुदला कराचीला यायचा व्हिसा यंदाही मिळाला नव्हता. वर्षानुवर्षं तेच चाललं होतं. आजीला उगाच घोर नको, म्हणून विश्राम सांगायचा, “मुंबई फार लांब आहे गं आई, एवढा प्रवास तिला झेपायचा नाही.”

“दमलीस का गं?” आजीने चाचपडत रेवतीचा हात धरला.

आत्याची वाट बघताना रेवतीने कितीदा तरी मोबाईलवर अंतर पाहिलं होतं. “छे गं आई,” ती पटकन म्हणाली, “विमानाने दीड तास तर लागतो.”

विश्रामने मान खाली घातली.

“दीड तास?” आजीने हात सोडला. “मग इतकी वर्षं कुठे मेली होतीस?”

रेवतीने पाण्याचा चमचा तिच्या ओठांना लावला. ते उघडले नाहीत.