घोळीचा आवाज

“बारावं व्हर्जन घातलंय काका, समुद्राचा गोंगाट आता पार बंद!” होडीत बसलेली, यांत्रिक कान बनवणाऱ्या कंपनीची केतकी अभिमानाने म्हणाली.

धाकलू तांडेलांनी वाकून डोक्याला बसवलेला यांत्रिक कान पाण्याला लावला. घोळ माशाचं घुरघुरणं ऐकून जाळं टाकणारे किनाऱ्यावर ते एकटेच उरले होते. आज पाणी मुकं होतं.

“पोरी, ह्याच गोंगाटावर आमची चार घरं जेवतात. जुनं व्हर्जन दे.”

“त्याचं लायसन्स काल संपलं, काका. आता मागे जाता येत नाही.”

जाळं धरून बसलेले तिन्ही गडी एकमेकांकडे बघू लागले. तांडेलांनी कान उपटून केतकीच्या हातावर ठेवला, वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवलं आणि दांडा दातांत घट्ट धरला. त्यांच्या मूळ कानाचा पडदाच तेवढा फाटला होता, आतलं सगळं शाबूत होतं. घुरघुर लाकडातून दातांत आणि दातांतून थेट कवटीत चढली.

“उजवीकडे! टाका जाळं!”

जाळं इतकं भरलं की दोर ओढायला केतकीलाही उठावं लागलं.

“तुझ्या साहेबाला ह्यातलं काही बोलू नकोस हां,” कान परत लावत तांडेल म्हणाले, “नाहीतर उद्या तो वल्ह्यालाही लायसन्स लावेल.”