महत्त्वाचं

बाळासाठी नोकरी सोडलेल्या मैत्रिणीची अर्धवट फिल्म आता त्याला पुरी करायची होती. तिच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचं सगळं फुटेज त्याने आपल्या कॉम्प्युटरवर घेतलं. तिचं काम नेहमीसारखंच चोख होतं. मुलाखती वेगळ्या, आवाज वेगळे, प्रत्येक फोल्डरला नाव. फक्त ‘महत्त्वाचं’ नावाचं फोल्डर उघडलं, तर आत ठणठणाट. तिच्या कॉम्प्युटरवरही तेच. कॉपी करताना आपल्याच हातून उडालं की काय? दुपारभर दोन्ही मशीन पालथी घालून अखेर वैतागून त्याने फोन लावला.

“बाई गं, जीव खाल्लास माझा! परवा फिल्म द्यायचीय आणि ‘महत्त्वाचं’ तेवढं गायब आहे. काय होतं त्यात?”

पलीकडे छोटी पावलं घरभर थपथपत होती.

“अरे, ते फिल्मचं नाही. लेक पहिल्यांदा चालेल ते शूट करून त्यात ठेवणार होते.”

“मग ठेवलं का नाहीस?”

“ती चालली ना, तेव्हा मी तुझ्यासाठी बाकीची फोल्डरं लावत बसले होते.”