मीठ-मोहरीची पुरचुंडी

"आई, मंगळावर कोण दृष्ट लावणार माझ्या बाळाला?" असं म्हणून ऋजुता सकाळीच सासूला हसली होती. द्वारकाबाईंनी मात्र पृथ्वीवरून आणलेली मीठ-मोहरीची पुरचुंडी कमरेला खोचूनच ठेवली.

दुपारी धुळीचं वादळ उठलं आणि वसाहतीची वीज गेली. तान्ह्या बाळाच्या पेटीतली ऊब ओसरू लागली. ऋजुताने पाणी घातलं की चालणाऱ्या आणीबाणीच्या बॅटरीत पाणी ओतलं, पण तिच्यावरचा काटा हलेना.

"पाणी तर अगदी शुद्ध आहे हो!" ती रडकुंडीला आली.

"म्हणूनच हलत नाही. आपल्या विहिरीचं असतं तर थोडं तरी चाललं असतं," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी चिपळूणच्या शाळेत बाईंनी पेल्यातल्या शुद्ध पाण्यात तारा सोडल्या, तेव्हा दिवा लागला नव्हता. मीठ टाकताच लागला. मिठाच्या खड्यात धन आणि ऋण कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. पाणी त्यांना सोडवतं, आणि ते मोकळे फिरू लागले की वीज पुढे सरकते. त्या दिव्याचा पिवळा उजेड द्वारकाबाईंना अजून दिसत होता.

इथे जेवणाची तयार पाकिटं यायची. घरात वेगळं मीठ कुठलं? त्यांनी पुरचुंडी सोडली, मोहऱ्या वेचून बाजूला काढल्या, मीठ आधी बाळावरून ओवाळलं आणि मग बॅटरीत सोडलं.

काटा उठला. पेटी गुणगुणू लागली. हळूहळू बाळाच्या गालांवर लाली आली.

ऋजुताने डोळे पुसले आणि वेचलेल्या मोहऱ्या मुठीत घेतल्या.

"आई, इकडे तोंड करा. आता तुमची काढते."