काकांची खोली

माझ्या बहिणीने, शर्मिलाने, आमचं वेंगुर्ल्याचं घर क्रोशाने विणलं, वीतभर. पडवी, तुळस, माझ्या तुटक्या चपलासुद्धा. फक्त मुंबईच्या काकांची खोली गाळली. ते वर्षभर तिला कुलूप घालतात आणि आम्ही पाच जण माजघरात झोपतो.

चतुर्थीला आलेले काका ते बघून भडकले. "माझी खोली खंय गो?"

"इसारलंय," ती सुई न थांबवता म्हणाली.

"ती माझ्या हक्काची आसा!" काका खोलीत गेले आणि दार आपटलं.

जेवायला हाक मारायला गेलो, तर तिथे नुसती भिंत. वीटभर जाडीची, पलीकडे परसातली केळ. भिंतीच्या आतून काका शिव्या देत ठोकत होते.

"पुरे झाला, शर्मिला. दार ईण!" मी तिला म्हटलं.

तिने रिकामी टोपली उलटी केली. "लोकर संपली."

ठोकणं थांबलं.